अकरा भेक आणि एक लोखंडी खाट

सोमवार, ४ तारीख

आज बेडकांकडे रुजू झालो.

तीस वर्षं हजेरीपत्रक सांभाळलं, कुणाची उशिराची सही कधी पोटात घातली नाही, त्याचं हे बक्षीस. गेल्या महिन्यात कामाच्या वेळेत डुलक्या काढणाऱ्या सात जणांची यादी मी मोठ्या साहेबांकडे नेऊन दिली. यादीत सातवं नाव मोठ्या साहेबांचंच होतं. मी काय करणार, नियम म्हणजे नियम. साहेबांनी यादी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमच्यासारख्या जागत्या माणसाची खरी गरज दुसरीकडे आहे."

दुसरीकडे म्हणजे मागच्या इमारतीतला जुना दप्तरखाना. दारावर पाटी, 'पर्वतीय वन-भेक संवर्धन कक्ष'. आत सतरा अंशांचा गारठा, एक लोखंडी मांडणी, तिच्यावर काचेच्या टाक्या आणि टाक्यांत अकरा जनावरं. खोली इतकी अरुंद की आधीच्या पहारेकऱ्याची लोखंडी खाट मांडणीला घट्ट चिकटलेली आहे. खुर्ची नाही. खाटेवर बसूनच नोंदी करायच्या.

कक्षाच्या प्रमुख एक तरुण मॅडम आहेत, शिकून डॉक्टर झालेल्या, पण माणसांच्या नव्हे. मला काका म्हणतात. मी बेडूक म्हणालो तर म्हणाल्या, "भेक, काका. हे उड्या मारत नाहीत, चालतात." डोंगरावरच्या एकाच जंगलात हे राहायचे. तिथे आधी दरड कोसळली, मग कातडीचा रोग आला. आता जगात हे अकराच उरले. त्यातल्या पाच नरांनी दोन वर्षांत तोंड उघडलेलं नाही. नर बोलल्याशिवाय मादी पाण्यात उतरत नाही आणि ती उतरल्याशिवाय अंडी नाहीत. पंचवीस तारखेला मुख्य कार्यालयाची समिती येणार आहे. समितीने स्वतःच्या कानांनी आवाज ऐकला तर कक्ष राहील. नाहीतर भेक बाटल्यांतून संग्रहालयात आणि ही खोली मोडक्या खुर्च्या ठेवायला.

"मग मी काय करायचं?" मी विचारलं.

"कान उघडे ठेवायचे. कसलाही आवाज आला तरी वहीत लिहायचा."

हे काम मला जमण्यासारखं आहे.

मंगळवार, ५ तारीख

हिला बदलीचं सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "ते बोलत नाहीत का? मग तुमचं छान जमेल." यात छान काय ते कळलं नाही.

टाक्यांवर आकडे आहेत. सात नंबरची मादी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते. मी तिच्या बाजूने जाऊन पाहिलं तर तिने कूस बदलली. अशी उद्धट वागणूक मला हजेरी विभागातही कुणी दिली नव्हती.

गुरुवार, ७ तारीख

दुपारी दोन ते सव्वातीन डोळे मिटून एकाग्रतेने ऐकलं. डोळे उघडे असले की लक्ष विचलित होतं. भेकांची संपूर्ण शांतता. मात्र डोळे उघडता उघडता जवळपास कुठेतरी करवत चालल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ठोकल्याचा. टर्र, टक. वहीत लिहिलं. समोर सुताराचं दुकान आहे.

शुक्रवार, ८ तारीख

दोन ते तीन चाळीस एकाग्रता. पुन्हा करवत, पुन्हा ठोकणं. इतक्या नाजूक जिवांच्या शेजारी हा धिंगाणा. सुताराच्या नावे तक्रार लिहिली, दोन प्रतींत.

शनिवार, ९ तारीख

तक्रार घेऊन सुताराकडे गेलो. त्याने ती शांतपणे वाचली. म्हणाला, "साहेब, एक ते चार माझं दुकान बंद असतं. मी झोपलेला असतो. उलट मीच तुमच्याकडे येणार होतो. तुमच्या खोलीत दुपारचं लाकूड कोण कापतं? दोन दिवस डोळ्याला डोळा नाही."

असली उलटी बोंब मी आयुष्यात पाहिली नव्हती.

रविवार, १० तारीख

घरी आवराआवर चालू आहे. हिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. साखर, चहा, मीठ, तांदूळ, बारीक रवा. तीस वर्षांत प्रथमच तिला नोंदींचं महत्त्व पटलं याचा आनंद झाला आणि मी तो बोलूनही दाखवला. डोळे कमजोर झाले असावेत बिचारीचे, म्हणून अक्षरं एवढी मोठी.

दुपारी ही तिच्या ताईबद्दल काहीतरी सांगत बसली होती. मधेच म्हणाली, "ऐकताय ना?" मी डोळे मिटून ऐकत होतो. तसं सांगितलंही. ती उठून तिच्या खोलीत गेली. नऊ वर्षं झाली ती पलीकडच्या खोलीत झोपते. कारण काय, तर मी म्हणे घोरतो. घोरत असतो तर मला ऐकू आलं नसतं का? माझे कान चांगले तिखट आहेत.

मंगळवार, १२ तारीख

मॅडमनी तक्रारीची प्रत वाचली. वाचता वाचता उभ्या राहिल्या.

"काका, हे ठोकणं कसं होतं? करून दाखवा."

"टर्र, टक. टर्र, टक. शेवटचा टक जरा घशातला."

मॅडम चक्क जमिनीवर बसल्या. मी पाणी दिलं. मग त्यांनी ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र मांडणीवर ठेवलं आणि म्हणाल्या, उद्या दुपारी नेहमीसारखीच एकाग्रता करा.

बुधवार, १३ तारीख

आजचा दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट.

मॅडमनी यंत्र लावून ऐकवलं. आधी करवत, खोल, फाटक्या दाताची. मग टर्र, टक. पुन्हा करवत, आणि आता तीन-चार ठिकाणांहून टर्र, टक.

"पाहिलंत ना, सुतार खोटं बोलतो," मी म्हणालो.

"काका, टर्र-टक हे आपले नर आहेत. दोन वर्षांनी बोलले." मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि करवत तुम्ही आहात."

मी वही मिटली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यांचं म्हणणं असं की मी घोरलो की खाट थरथरते, खाटेची थरथर मांडणीत जाते आणि मांडणीतून पाण्यात. डोंगरात नाल्यांना लोंढा आला की दगड गडगडत खाली येतात, तशीच ती थरथर भेकांना वाटते. आपली वेळ झाली, असं ते समजतात. नुसता मुद्रित आवाज ऐकवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. त्यांना खाट लागते आणि खाटेवर मी लागतो.

म्हणजे मी कामावर झोपलो. चार वेळा. यादीत आठवं नाव माझं हवं.

गुरुवार, १४ तारीख

लेखी आदेश आला. 'सदर कर्मचाऱ्याने रोज दुपारी दोन ते चार या वेळेत कक्षातील खाटेवर झोपावे व घोरावे.' खाली मोठ्या साहेबांची सही. सही करताना ते किती हसले असतील याची मला कल्पना आहे.

आदेशाला एक संमतिपत्र जोडलं आहे. 'मी घोरतो हे मला मान्य आहे.' त्याखाली माझी सही हवी. मी नाही म्हणालो. तीस वर्षांत मी खोट्या मजकुरावर सही केलेली नाही.

शनिवार, १६ तारीख

सही केलेली नाही. मॅडम भेकांना किडे घालतात आणि दर थोड्या वेळाने कॅलेंडरकडे बघतात. सुतार डोकावून गेला. म्हणाला, "साहेब, माझी तक्रार मागे घेतली. तुम्ही बिनधास्त कापा."

सोमवार, १८ तारीख

आज सात नंबर भिंतीकडे तोंड करून नव्हती. माझ्याकडे बघत होती. डोळे सोनेरी आहेत, हे आजवर माहीत नव्हतं. अंगावर चामखिळी, पोट लोंबलेलं, तोंडावर बढती हुकलेल्या माणसाचा भाव. मी तिला म्हणालो, बाई, तुझ्यासाठी माझी इज्जत चालली आहे. तिने एक पापणी मिटली, मग दुसरी. बाटलीत ठेवायचे हे डोळे? मला ते सहन होईना.

सही केली. 'मान्य आहे' याच्या आधी कंसात 'कक्षाच्या हितासाठी' असं माझ्या अक्षरात घातलं.

बुधवार, २० तारीख

सही झाली आणि झोप उडाली. आदेशाने झोप येत नाही, हा नवा शोध. दोन ते चार छताकडे बघत पडलो. छताला एकवीस तडे आहेत. भेक चिडीचूप.

शुक्रवार, २२ तारीख

मॅडमनी गरम दूध दिलं. सुताराने त्याची स्वतःची उशी आणून दिली. म्हणाला, या उशीवर त्याचे वडीलही झोपायचे. मी उशीवर डोकं टेकवलं आणि त्याच्या वडिलांचा विचार करत टक्क जागा राहिलो. तीन दिवस राहिले. मी कधी देव-देव करत नाही, पण आज टाकीसमोर हात जोडले. कुणाला जोडले ते ठाऊक नाही.

शनिवार, २३ तारीख

संध्याकाळी मॅडम घरी आल्या. हिला विचारलं, "काकू, काकांना हमखास झोप कधी लागते?"

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बोलायला लागले की."

मी हसलो. हिला अधूनमधून विनोद सुचतो. मॅडम मात्र हसल्या नाहीत. जरा वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सोमवारी याल?" ही म्हणाली, "येते. तसंही मला त्यांना एक सांगायचंच होतं. तिथे सांगेन."

जेवणाआधी हिने माझ्याकडून भात लावून घेतला. तांदूळ किती, पाणी किती, शिट्ट्या किती. मी म्हणालो, हे कशासाठी? म्हणाली, असावं माहीत. मुद्दा रास्त आहे. भात खाली लागला.

सोमवार, २५ तारीख

सविस्तर लिहितो.

समिती अकराला आली. अध्यक्ष आणि दोन सभासद. त्यांना बसायला मोडक्या खुर्च्यांतल्या त्यातल्या त्यात धड अशा तीन आणल्या. अध्यक्षांनी टाकीत डोकावून विचारलं, "यातला घोरणारा कोणता?" मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

दुपारी दोनला मी खाटेवर आडवा झालो. समोर तीन अनोळखी माणसं फायली मांडीवर घेऊन बसलेली. ही उशाशी स्टूल घेऊन बसली. नवीन साडी नेसली होती. मला म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. महत्त्वाचं आहे." मी मनाशी पक्कं ठरवलं की हे नीट ऐकायचं. ती म्हणाली, "ताई म्हणत होती की…"

पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा खोलीत नुसता कल्लोळ. टर्र-टक, टर्र-टक, पाचही नर, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. दोन सभासद उभे राहून टाळ्या वाजवत होते. अध्यक्ष खुर्चीत झोपले होते. त्यांना हलवून उठवलं तेव्हा म्हणाले, "ऐकलं, ऐकलं." मॅडम रडत हसत होत्या. कक्षाला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

ही तोवर निघून गेली होती.

घरी आल्यावर विचारलं, "काय सांगणार होतीस?" म्हणाली, "सांगितलं की."

बुधवार, २७ तारीख

सात नंबरने अंडी घातली. सकाळी गेलो तर पाण्यात दोन लांब पारदर्शक दोरे, आणि दोऱ्यांत काळे ठिपके, ओळीने, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. मी मोजायला घेतले, चारशेच्या पुढे डोळे भरून आले म्हणून सोडले. मला फार आनंद झाला. इतका आनंद मला माझ्या कायम होण्याच्या दिवशीही झाला नव्हता.

धावत घरी येऊन हिला सांगितलं. "चांगलं झालं," म्हणाली आणि मनापासून म्हणाली. ती पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होती. ट्रंक उघडी होती. कपाटाला वाळवी लागली असेल.

शुक्रवार, २९ तारीख

मुख्य कार्यालयाचा नियम असा की समितीसमोर झालेलं मुद्रण शब्द न् शब्द वहीत उतरवायचं. हे काम नोंदकारकुनाचं, म्हणजे माझं. मॅडम म्हणाल्या, "काका, हे मी करते." मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. त्या खूप वेळ दाराशी उभ्या राहिल्या, मग दार लावून गेल्या.

वहीत उतरवलं ते इथेही उतरवतो.

पत्नी: ताई म्हणत होती की तिच्याकडची मागची खोली रिकामीच असते.
घोरणे, एक.
पत्नी: लागली झोप. बरं झालं. झोपा.
घोरणे, तीन. भेक, एक.
पत्नी: मी एक तारखेला चारच्या गाडीने ताईकडे चाललेय. राहायला. भांडण नाही, तुमचा राग नाही. डब्यांवर नावं लिहिलीयेत. भाताला पाणी दुप्पट, विसरू नका.
घोरणे, दोन. भेक, चार.
पत्नी: तुम्ही सगळ्यांना सांगता, घोरणं सहन होत नाही म्हणून ही पलीकडे गेली. घोरण्याची मला सवय होती हो. मी बोलत असायचे आणि मधेच ते सुरू व्हायचं, त्याने जीव विटला.
अध्यक्ष: घोरणे, एक. भेक, प्रतिसाद नाही.
पत्नी: आई गेली त्या वर्षी मी तुम्हाला सांगत होते, शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात काय झालं ते. कुणालाच सांगितलं नव्हतं. मी सांगतेय आणि तुमची करवत सुरू. तेव्हा उठले ती पलीकडे गेले. वाटलं, सकाळी तरी विचाराल, पुढे काय झालं म्हणून.
घोरणे, पाच. भेक, मोजता येत नाहीत.
पत्नी: बघा. तुमच्या घोरण्यालासुद्धा हे उत्तर देतात.
स्टूल सरकल्याचा आवाज. दार.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, हवं तर पत्नीचं बोलणं गाळू, कुणी विचारणार नाही. मी म्हणालो, राहू द्या. नोंद आहे ती.

मी घोरतो. इथे कंस नाही.

शनिवार, ३० तारीख

ट्रंक भरून दाराशी आलेली आहे. मी तिच्या शेजारून चार वेळा पाण्याला गेलो. नऊ वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवून पाहिली. काहीच आठवत नाही, आणि आठवणार कसं? मला भीती वाटते आहे. कामाची कधी वाटली नव्हती अशी.

मी यादीत सात माणसांची नावं लिहिली. सगळ्यात जास्त झोपलेला माणूस ती यादी घेऊन साहेबांकडे गेला होता.

रविवार, १ तारीख

जेवणं झाली. रविवारी जेवणानंतर मी आडवा होतो. आज स्वयंपाकघरातलं स्टूल बाहेर आणलं. त्याला पाठ नाही, म्हणून मुद्दाम तेच. पाय थंड पाण्याच्या बादलीत घातले. ही म्हणाली, "हे काय चाललंय?"

मी म्हणालो, "पुढे काय झालं?"

"कशाचं पुढे?"

"आईंचं. दवाखान्यात. तू सांगत होतीस."

ती म्हणाली, "नऊ वर्षं झाली त्याला."

"हो. मधे मी झोपलो होतो."

तिला हसू आलं असावं, पण ते आलं तसं गेलं. ती ट्रंकेवर बसली. घड्याळ बघितलं. दोन वाजले होते. मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सुरू केलं. आधी दवाखान्याचा जिना, मग तिथली खाट, मग शेजारच्या खाटेवरची बाई, जी आईंना रोज स्वतःच्या वाटणीचा चहा द्यायची. तीन वाजता माझी मान एकदा लवली. ती बोलायची थांबली. मी बादलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि म्हणालो, "चहा द्यायची. रोज. मग?"

"मग एक दिवस तिने दिला नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी स्टुलावरून उठलो नाही, मधे काही बोललोही नाही. मला यातलं काही येत नाही. पण जागा होतो.

दोन ते सव्वाचार. घोरणे, शून्य.

आत्ता ती चहा ठेवायला आत गेली आहे, तेवढ्यात हे लिहितो. ट्रंक दाराशीच आहे. चारची गाडी गेली. पुढची साडेपाचला आहे, असं तीच म्हणाली. आई अजून दवाखान्यातच आहेत, आणि शेवटचा आठवडा आता कुठे मंगळवारपर्यंत आला आहे.